रो-हाउसचा मालक विचारतो, "ॲप कुठलं वापरता?"

ओळंबा (नेरूळ), धागालेखक

नेरूळ-सीवूड्सच्या पट्ट्यात सिडकोची जुनी रो-हाउसं पाडून त्या जागी तळमजला अधिक दोन बांधून देणं हा माझा धंदा. वर्षाला चार-पाच कामं, जास्त झेपत नाहीत. पूर्वी मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "फुटाचा भाव काय?" गेल्या दिवाळीनंतर तीन मालक भेटले, त्यातल्या दोघांनी भावाच्या आधी विचारलं, "ॲप कुठलं वापरता?" एक जण मस्कतला असतो, त्याचं समजू शकतो. दुसरा राहतो सेक्टर सोडून पलीकडे!

माझ्याकडे तोवर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, एक्सेल, सुपरवायझरची लाल वही आणि सीएकडे टॅली, एवढाच संसार होता. सॉफ्टवेअर म्हणजे प्रायमाव्हेरा (मोठ्या प्रकल्पांचं वेळापत्रक आखणारं), आणि प्रायमाव्हेरा म्हणजे उड्डाणपूल बांधणारे लोक, अशी आपली समजूत. अमेरिकेत घरं बांधणाऱ्यांसाठी बिल्डरट्रेंड २००६ पासून आहे, पण ते तिकडच्या पद्धतीचं. प्रोकोअर तर वर्षाला किती रकमेचं बांधकाम करता ते बघून पैसे लावतं. त्या पंगतीत आपलं पान नाही. आता फोनवर चालणारी देशी ॲप आली आहेत. हजेरी, माल, फोटो, बिलं, सगळं एका जागी. मी घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

मला खरा फायदा झाला तो बदलांच्या बाबतीत. दोन वर्षांपूर्वी एका मालकीणबाईंनी साइटवर येऊन मिस्त्रीला तोंडी सांगितलं, ओटा एल आकाराचा करा, बेसिन खिडकीखाली घ्या. कंसील्ड लाइन (भिंतीत गाडलेली नळाची पाइप) झालेली होती, ती फोडून परत केली. शेवटच्या बिलात ते लावलं तर, "आम्ही कधी सांगितलं?" १ लाख ४० हजारांवर पाणी सोडलं. आता बदल ॲपमध्ये लिहायचा, पुढे रक्कम आणि वाढणारे दिवस. मालकाने मंजूर दाबल्याशिवाय माझा मिस्त्री छिन्नीला हात लावत नाही. मस्कतवाल्यांनी सात बदल मंजूर केले, दोन किंमत बघून सोडून दिले. शेवटचं बिल चहा संपायच्या आत मिटलं.

माझं म्हणणं एवढंच की व्हॉट्सअ‍ॅपवर घर बांधायचे दिवस गेले. छोट्या ठेकेदाराला मोठ्यांसारखा हिशेब ठेवता येण्याची ही पहिलीच वेळ आहे. पटत नसेल तर बोला.

नौपाडा जुना

नाही पटत. तीस वर्षं ठाण्यात कामं केली, त्यातली पहिली वीस सिगारेटच्या पाकिटावर हिशेब करून. तुमचं ॲप तेवढंच बघतं, जेवढं साइटवरचं पोरगं त्याला दाखवतं. स्लॅबच्या सळईचा फोटो टाकला की झालं? तो फोटो कालच्या स्लॅबचा नाही कशावरून? सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक पंचवीस एमएमचे लावले की विटेचे तुकडे सरकवले, ते वाकून बघावं लागतं.

दुसरं, सगळं तयार मिळतं म्हणून तपासायची सवय जाते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला. माझ्या भाच्याने कुठल्याशा ॲपच्या तयार नमुन्यावरून कोटेशन दिलं, त्यात डिसेंबरातही २८ च. मालक बँकेतला निघाला, त्याने बोट ठेवलं. काम गेलं ते गेलंच, वर अब्रू गेली.

ओळंबा

जुने काका, भाच्याने तपासलं नाही हा ॲपचा दोष कसा? एक्सेलमध्येही २८ च राहिले असते.

नौपाडा जुना

एक्सेल त्याने स्वतः बनवलं असतं तर २८ कुठे लिहिलंय ते त्याला माहीत असतं. फरक तिथे आहे.

बारा_एमएम (उलवे)

मी साइट इंजिनियर आहे, म्हणजे ज्या "पोराच्या" हातात ते ॲप असतं ती मी. दोघंही थोडे चुकताय.

माझा दिवस सांगते. सकाळी हजेरी ॲपमध्ये. माल आला की चलनाचा (मालासोबत येणाऱ्या पावतीचा) फोटो ॲपमध्ये, तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण मालक ॲप उघडत नाहीत. संध्याकाळी तेच आकडे एक्सेलमध्ये, कारण अकाउंटंटला तसेच लागतात. एकच गोणी मी तीनदा मोजते. सॉफ्टवेअर आलं म्हणून जुनं काही बंद झालेलं नाही, माझ्या डोक्यावर एक थर चढला. दुपारच्या नोंदी रात्री नऊला पनवेलच्या गाडीत बसून भरलेल्या असतात, आणि मालकाला वाटतं सगळं जागच्या जागी चाललंय.

शिवाय एकक. आमच्याकडे रेती-खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, जवळजवळ २.८३ घनमीटर. ॲपला ब्रास माहीत नाही. सुपरवायझरने तीन ब्रास आले म्हणून नुसते ३ भरले, ॲपने घनमीटर धरले. आठवड्याने स्टॉकमध्ये खडी उणे दिसायला लागली! साइटवर ढीग आणि फोनवर उणे.

पण आता दुसरी बाजू. १२ एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो भरायला हवी (व्यासाचा वर्ग भागिले १६२). रोलिंगमध्ये थोडं कमीजास्त चालतं. एका पुरवठादाराचा माल आला, तुकडा कापून तोलला, वजन कमी. एकदा होऊ शकतं. ॲपमध्ये मागची तीन चलनं नगांसकट होती, ती शेजारी ठेवली तर प्रत्येक वेळी काट्याचं वजन आणि नग मोजून काढलेलं वजन यांत तफावत, आणि ती एकाच बाजूला. चोरी तराजूने पकडली हे मान्य. पण ती सवयीची आहे हे जुन्या नोंदी हाताशी होत्या म्हणून कळलं. लाल वहीत ती चलनं कधीच भिजून गेली असती. उलव्याचा पाऊस माहीत नसेल तर जुलैत या.

पाचपाखाडी_सभासद

आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काम चालू आहे. विकासकाकडे भारीतलं सॉफ्टवेअर आहे, पहिल्या मीटिंगला पडद्यावर दाखवलं होतं. आम्हाला त्यातलं काय दिसतं? एक हिरवी पट्टी. गेल्या महिन्यात ८० टक्के काम पूर्ण होतं, या महिन्यात ८२. सगळे स्लॅब ओतून झाले म्हणून ऐंशी. पण प्लास्टर, टाइल्स, लिफ्ट, वॉटरप्रूफिंग, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हे सगळं उरलेल्या वीसमध्ये, आणि भाडं आम्ही महिन्याला मोजतोय. ऐंशी कशाचे ऐंशी, हे विचारलं की "सिस्टिम काढते" असं उत्तर.

त्यापेक्षा महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) साइटवर दर तिमाहीला भरावी लागणारी माहिती बरी. ती रुक्ष आहे, उशिरा येते, पण निदान विकासकाच्या मर्जीवर नाही. ओळंबा, तुमचा मस्कतवाला मालक सगळं बघू शकतो की तुम्ही दाखवाल तेवढंच?

ओळंबा

प्रामाणिकपणे सांगतो, मी दाखवेन तेवढंच. माझे खरेदीचे भाव त्याला दिसत नाहीत, आणि दिसू देणारही नाही. पण एक लक्षात घ्या. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असल्या तर रेराची नोंदणी लागत नाही. रो-हाउसवाल्याला महारेराचं पानच नाही. त्याला माझा करारनामा आणि हे ॲप, दोनच आधार.

सीएसव्ही_वाचवा (ऐरोली)

आयटीतला माणूस, ऐरोलीला नोकरी, बांधकामातलं काही कळत नाही. कळतं ते एवढंच की सगळे "सोय" बोलताय आणि दस्तऐवज कोणाकडे राहणार हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत घरबांधणीवाल्यांची दोन मोठी नावं होती, बिल्डरट्रेंड आणि कोकन्स्ट्रक्ट. दोघांची चुरस. २०२१ मध्ये पहिल्याने दुसरं विकत घेतलं. ज्यांनी विचार करून "ते नको, हे" म्हणत कोकन्स्ट्रक्ट निवडलं होतं, ते फिरून त्याच मालकाकडे आले. पर्याय वाढले म्हणताना हेही धरा की पर्याय एकमेकांना गिळतात.

आता आपल्याकडे. रेराखालच्या इमारतीत ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी प्रवर्तकाची (म्हणजे विकासकाची), कलम १४(३). गळती चौथ्या पावसाळ्यात लागली. वॉटरप्रूफिंगचे फोटो आणि कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) कुठल्या तारखेला झाला ते ॲपमध्ये. ॲपची वर्गणी काम संपल्यावर तुम्ही बंद केलेली, कारण रिकाम्या साइटचे पैसे कोण भरतो? मग दाखवणार काय? ओळंबा, तुमच्या सात मंजुऱ्या बाहेर काढता येतात का? पीडीएफ नव्हे, तारखेसकट पूर्ण नोंदी.

ओळंबा

काल तुमचं वाचून बघितलं. पीडीएफ निघते. मंजूर कोणी दाबलं ते नाव येतं, वेळ येत नाही. हजेरी आणि माल एक्सेलमध्ये येतो, फोटो एकेक करून उतरवावे लागतात, आणि ते शेकड्यांनी आहेत. हा मुद्दा तुमचा. रात्री दोन तास बसून मस्कतवाल्यांचे उतरवले, अजून पहिला मजला संपायचाय.

नाक्यावरचा पोरगा

माझे वडील रोजंदारीच्या कामासाठी घणसोलीच्या नाक्यावर उभे राहतात, बावीस वर्षं. इथे मालक बोलला, ठेकेदार बोलला, इंजिनियर बोलल्या. बिगारी फक्त "हजेरी" म्हणून आला.

एका साइटवर सेल्फीची हजेरी सुरू झाली. आठ पाचला पोहोचलं की लेट, अर्धा तास कापला. संध्याकाळी स्लॅब लांबला, नऊपर्यंत थांबवलं, त्या जादा तासांचं बटण मात्र ॲपमध्ये सापडेना. मशीन एकाच दिशेने बघतं.

आणि जे उपयोगाचं ते कोणी करत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल तर पोरांच्या शाळेची मदत, आजारपणाचे पैसे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कापला जातो तो याच्यासाठीच. ठेकेदाराकडे दाखला मागितला की म्हणतो, "तू कधी कधी आलास कुणाच्या लक्षात?" आता तर फोटोसकट, तारखेसकट लक्षात आहे ना? मग द्या की.

ओळंबा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. वर्षभर ती हजेरी फक्त पगार काढायला वापरली. दाखल्याचं डोक्यातच आलं नाही.

नौपाडा जुना

माझ्याही नाही आलं, आणि माझ्याकडे तर ॲप नव्हतं. पाकिटावरची नोंद बघून दाखला कोण देणार? पोरा, हे एक तू बरोबर बोललास. पण ठेकेदार तो दाखला काढेल का, ते ॲपवर नाही, ठेकेदारावर आहे. म्हणजे आलो मी माझ्याच जागेवर.

नाक्यावरचा पोरगा

काका, पूर्वी "नोंद नाही" म्हणून हात वर करायचे. आता नोंद असून वर करावे लागतील. वडिलांना तेवढा फरक पुरतो, भांडायला.

ओळंबा

काल बसून काढलं. मुकादमाच्या चौदा जणांपैकी नऊ जणांचे माझ्याकडेच नव्वदच्या वर दिवस भरतात. त्या नऊ जणांचे दाखले सही करून या आठवड्यात देतो. उरलेल्या पाचांचे दुसऱ्या साइटवरचे दिवस माझ्या ॲपमध्ये कुठून येणार, ते मात्र कळत नाही. दोन ठेकेदारांची ॲप एकमेकांशी बोलत नाहीत.

बारा_एमएम ताई, एक विचारायचं राहिलं. रविवारची खर्ची (आठवड्याच्या वरखर्चाचे पैसे) आणि मधली उचल तुम्ही कुठे भरता? माझ्यात ॲडव्हान्सचा एकच रकाना आहे. दोन्ही त्यात टाकलं की महिनाअखेरीला मुकादम वाद घालतो.

बारा_एमएम (उलवे)

नाही भरत. खर्चीसाठी वेगळी वही ठेवलीय. मुकादम समोर बसून अंगठा करतो, प्रश्न मिटला.

नौपाडा जुना

वही लाल का हो?