बाबांच्या स्मरणार्थ उपासनेत पाच मिनिटं बोलायचंय. काय सांगू, काय गाळू?

धाकटी:
सलाम मंडळी. गेल्या महिन्यात बाबा प्रभूमध्ये विसावले. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रविवारी त्यांच्याबद्दल बोलायला सांगितलंय. दादाने यादी काढून दिलीय: पंचकमिटी (चर्चचा कारभार बघणारी), खजिनदार, संडे स्कूल, रक्तदान शिबिरं. सगळं खरं आहे, पण वाचताना त्यात माझे बाबा कुठे दिसतच नाहीत.

मला आठवतं ते वेगळंच. उपासना संपली की आम्ही भावंडं फाटकापाशी ताटकळायचो आणि बाबा आत दानाच्या थैलीतली चिल्लर मोजत बसलेले. नाण्यांच्या थप्प्या टेबलाच्या कडेला ओळीने. शेजारी दुसरा पंच बसल्याशिवाय पैशाला हात लावायचे नाहीत, मग तो पंच बाहेर गप्पा मारत कितीही रेंगाळो. आईचा पारा चढलेला असायचा. रस्त्याने मात्र बाबा इतक्या नकला करायचे की घर येईपर्यंत तीही हसायला लागायची.

आता खरी अडचण. कपाटात त्यांची एक वही सापडली. तारीख, रक्कम, पुढे नुसतं आद्याक्षर आणि कारण: फी, औषध, भाडं. पैसे परत आले तिथे बरोबरची खूण. दर वर्षाच्या शेवटी आडवी रेघ आणि खाली लिहिलंय, ‘मिटलं’. येणं बाकी असो वा नसो. काही आद्याक्षरं मी ओळखते. ती माणसं रविवारी समोरच बसलेली असणार. दादा म्हणतो, वाचून दाखव, लोकांना कळू दे. आई म्हणते, जाळून टाक.

जुना सेक्रेटरी:
ताई, वही वाचू नका. आद्याक्षरंही नकोत. आपल्यासारख्या लहान मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका अक्षरावरून अख्खं घर ओळखू येतं. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हे बायबलात मत्तयाच्या ६व्या अध्यायात आहे आणि तुमचे बाबा ते पाळत होते. आपण कशाला मोडायचं?

पण प्रेषितांची कृत्ये ९:३६–३९ काढून बघा. यापो गावात टबीथा नावाची शिष्या वारली. प्रेषित पेत्र आला तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवत होत्या. ती किती थोर होती याचं भाषण कुणी केलं नाही. ज्यांना मिळालं होतं, त्यांनीच आणून दाखवलं. तुमचं झालं की पाळकसाहेबांना दहा मिनिटं मोकळी ठेवायला सांगा. ज्याला बोलावंसं वाटेल तो उठेल. नाही उठलं कुणी, तर एखादं गीत घ्या.

आणि दादांना एक सांगा: ‘मिटलं’ म्हणजे मिटलं. कुणाकडे विषय काढायचा नाही.

फाटकाबाहेरचा:
मीही एका पंचाचाच मुलगा. चिल्लरचा प्रसंग सांगा, पण आईंचा राग गाळू नका. मंडळीला दिलेला वेळ घरातूनच जातो, आणि याचे आभार सहसा कुणी मानत नाही. ‘देवमाणूस’ हा शब्द तेवढा टाळा. तो प्रत्येकाला लावून लावून गुळगुळीत झालाय. दादांची यादी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे छापा, म्हणजे तेही खूश.

वाचनवाली मावशी:
घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघ गं. मनातल्या मनात वाचलेली पाच मिनिटं तिथे आठ होतात. अक्षर मोठं काढ, कागदाच्या एकाच बाजूला. दुसरी प्रत पहिल्या रांगेत कुणाकडे तरी दे, गळा दाटला तर पुढचं ते वाचतील. नकला कसल्या करायचे, ते जरूर सांग! लोकांना हसू दे, स्मरणार्थ उपासनेत हसलेलं चालतं.

धाकटी:
सगळ्यांचे आभार. वही राहू दे, हे दादाला पटलं. वर्षअखेरच्या रेघा बघून तोच गप्प झाला.

काल मात्र वेगळंच निघालं. राग सांगू का, म्हणून आईला विचारायला गेले. ती म्हणाली, “सांग की. आणि हेही सांग, की त्यातले निम्मे पैसे माझ्या शिलाईचे होते. त्यांनी मागितले तेव्हा मी कधी नाही म्हटलं नाही, पण वहीत माझं अक्षर कुठेय?” हे मी सांगू, की तिलाच बोलायला सांगू? ती आजवर कधी पुढे उभी राहिलेली नाही.

जुना सेक्रेटरी:
त्यांनाच विचारा. हो म्हणाल्या तर तुमच्या आधी बोलू द्या. उभं राहायला नको, बाकावर बसूनच माइक द्या. पाळकसाहेबांना आजच फोन करा, शनिवारी पत्रिका छापायला जाते.