तिशी ओलांडलेल्या व्यसनी मुलाची देणी आईबापांनी फेडावीत का?

विक्रोळीकर
माझं मत स्पष्ट आहे: फेडू नयेत. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांनी नुकतीच शेवटची मुदत ठेव मोडली. मुलगा कमावता होता, आता दारूपायी नोकरी जायची वेळ आलीय. लोन ॲपवाल्यांचे फोन बापाला येतात. आई ऑफिसात कळवते, ‘त्याला ताप आहे’. बारची उधारी बाप भागवतो. सगळं असं परस्पर निस्तरलं जात असेल, तर आपलं काही बिघडलंय हे त्या मुलाला कळणार तरी कसं? दोन वेळचं जेवण द्या, उपचाराचा खर्च करा. रोख पैसे आणि उधारी मात्र बंद.

परळची मावशी
दादा, वसुलीवाला चाळीच्या गॅलरीत उभा राहून मजलाभर ऐकू जाईल असं ओरडतो, तेव्हा बोला. घरात लग्नाची मुलगी आहे. मी पाटल्या गहाण टाकून पैसे भरले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भरीन. व्यसन हा आजार आहे असं डॉक्टरच सांगतात. आजारी पोराला वाऱ्यावर सोडायचं? या मुंबईत फुटपाथवर गेलेलं पोर परत येत नाही हो.

एक बहीण
मावशी, राग मानू नका, पण घरात तो एकटाच नसतो. माझा भाऊ पैशांसाठी आईवर हात उचलतो. दोन खोल्यांत ती जाणार कुठे? ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अशा अर्जांवर त्रास देणाऱ्या मुलाला घराबाहेर काढायचे आदेशही निघालेत. आई सही करत नाही, म्हणून मी तिच्या मागे लागलेय. मी विक्रोळीकरांच्याही पुढे जाईन: मारहाण होत असेल तर जेवणसुद्धा घराबाहेर.

रात्रपाळी
मी वॉर्डात काम करते. भांडा, पण आधी हे वाचा. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, मग एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, अंथरुणावरचे किडे झटकत बसतो. यात जीव जातो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे.

दुसरं, डाळीत गुपचूप गोळी कालवणं. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठीची गोळी पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. ही गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची.

आणि ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्रांपासून सावध राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं संमतीशिवाय भरती करता येते, पण नुसता पितो म्हणून नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असावा लागतो किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकंही भान उरलेलं नसावं लागतं. शिवाय दोन तज्ज्ञांनी तपासावं लागतं.

विक्रोळीकर
ताई, हे सविस्तर लिहिलंत ते फार बरं झालं. मावशी, पोराला घराबाहेर काढा असं मी म्हणतच नाही, तिथं माझं बहिणीशीही पूर्ण जमत नाही. (मारहाण असेल तिथं मात्र तिचंच बरोबर.) तुम्ही जामीनदार नसाल तर सज्ञान मुलाचं कर्ज फेडायची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर येत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दारात शिवीगाळ झाली तर पोलिसांत तक्रार द्या. आणि अल-अनॉनच्या बैठकांना जाऊन या. तिथं पिणाऱ्यांच्या घरची माणसंच भेटतात, पैसे लागत नाहीत, नावही विचारत नाहीत.

परळची मावशी
बैठकीला जाईन. पण जामीनदार म्हणून सही त्याच्या वडिलांचीच आहे. मग?

विक्रोळीकर
मग ते देणं लागतं. बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्या, भरणा थेट कर्जखात्यात करा, मुलाच्या हाती देऊ नका. आणि पुढच्या कोणत्याही कागदावर त्याच्या वडिलांची सही नको, मुलानं कितीही गयावया केली तरी.