लायका घ्या की, पण बायकोला ‘पन्नास हजार’ कशाला सांगता?

पेठकरीण
परवाची ‘ट्रायएक्स’ यांची पोस्ट वाचून डोकं फिरलंय. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा. वाचली नसेल त्यांच्यासाठी: गृहस्थांनी लायका एम१० हा जर्मन कॅमेरा वापरलेला घेतला, सोबत ३५ मिलिमीटरची समिक्रॉन लेन्स, मिळून सहा लाखांच्या आसपास. बायकोला सांगितलं, ‘मित्राचा जुना कॅमेरा, पन्नास हजारांत दिला.’ खातं दोघांचं, त्यामुळे बँकेचा मेसेज तिच्याही मोबाइलवर गेला. आता घरात अबोला. आणि पोस्टचा शेवट काय, तर ‘बायकांना कलेतलं काय कळणार!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता, हायपोच्या, म्हणजे फोटो धुण्याच्या रसायनाच्या, वासात वाढले मी. एम१०ला ऑटोफोकस नाही, व्हिडिओ नाही, आणि त्यातच त्याची मजा आहे, हे मला कुणी शिकवायला नको. सहा लाखांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पैसे दोघांचे आणि थाप एकट्याची, याबद्दल आहे. तिला विचारलंच नाहीत, मग तिला कळत नाही हे कधी तपासलंत?

ट्रायएक्स
ताई, पोस्ट हलक्याफुलक्या अंगानं लिहिली होती. बाकी दारू नाही, सिगरेट नाही, गाडी अजून तीच जुनी. आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही घेतलं तर एवढं कोर्ट? मागच्या दिवाळीत पाटल्या झाल्या, तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी धागाही काढला नाही.

हळदीकुंकू
आल्या पाटल्या! वाटच बघत होते. पाटल्या अडीनडीला मोडता येतात. कॅमेरा मोडून दाखवा.

ट्रायएक्स
पाटल्या मोडायला गेलात की घट म्हणून वजन कापतात, घडणावळ तर आधीच पाण्यात. उलट लायकाचा १९५४चा एम३ आजही चालतो आणि चांगल्या किमतीला जातो.

टेरिकॉट
एम३ फिल्मवर चालतो हो, त्यात बिघडायला आहे काय? चाकं आणि स्प्रिंगा. डिजिटल एम म्हणजे त्याच कवचात बसवलेला कॉम्प्युटर. मी एम८ वापरलाय, २००६चं मॉडेल. सेन्सरपुढची इन्फ्रारेड गाळणी इतकी पातळ की कृत्रिम धाग्याचं काळं कापड जांभळं यायचं. पुतण्याच्या लग्नात अख्ख्या व्याही मंडळींचे काळे कोट वांगी रंगाचे. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर लावा, हा त्यावरचा उपाय. २००९च्या एम९ची दुसरी तऱ्हा: सेन्सरवरची काच गंजते आणि आकाशात गोल गोल डाग येतात. कंपनीनं बरीच वर्षं फुकट बदलून दिले, पण २०१७ मध्ये ती सोय बंद झाली. असा एम९ घेऊन जा सराफाकडे!

काळापांढरा
वरच्या काकांना चौकटीबाहेरचं दिसतच नाही का? लेन्स धरा की हिशेबात. बॉडी जुनी होते, समिक्रॉन होत नाही. आणि सगळं पैशात मोजायचं तर कार्तिए-ब्रेसाँसारखा फ्रेंच छायाचित्रकार झालाच नसता. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरची दिल्ली त्यानं टिपली ती लायकावर. एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा, उचलला की समोरचा आखडतो. रेंजफाइंडरच्या, म्हणजे लायकासारख्या कॅमेऱ्याच्या, खिडकीत चौकटीबाहेरचा माणूसही आत येण्याआधी दिसतो. हे ज्याला कळत नाही त्यानं मोबाइल वापरावा, आणि गप्प बसावं.

पेठकरीण
गप्प बसावं? बरं. मग छायाचित्रकार होमाई व्यारावालांचंही ऐका. जे.जे.त शिकलेली बाई, पण सुरुवातीचे फोटो छापून यायचे नवऱ्याच्या नावावर. पुढे २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि त्यांचे गाजलेले कॅमेरे लायका नव्हेत, स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स. त्यामुळे बायका, कला आणि लायका ही तुमची मोळी जरा सोडा.

निवांत
आमच्या साडूंची गोष्ट सांगतो. मुलीच्या बारशाला लायका गळ्यात. आत्या कानात नाव सांगायला वाकली, बायकांनी धपाटे घालत कुर्रर्र केलं, आणि हे अजून फोकससाठी खिडकीतल्या मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवतायत. ‘परत एकदा’ म्हणाले. परत कुर्रर्र, परत धपाटे. पुढे सरकले तर त्यांच्या लेन्सला सत्तर सेंटिमीटरच्या आत फोकस मिळेना, मागे सरकले तर पाळण्याच्या माळा मध्ये. आत्या म्हणाली, ‘पाठ मोडली माझी, नाव लिहून देऊ का?’ भिंतीवर आज जो फोटो आहे तो भाच्यानं मोबाइलवर काढलेला.

काळापांढरा
दोष साडूंचा. ३५ला एफ८, म्हणजे लेन्सचं भोक बारीक, आणि फोकस अडीच मीटरवर ठेवून सोडून द्यायचा. पावणेदोनपासून साडेचार मीटरपर्यंत सगळं खपतं. झोन फोकस म्हणतात त्याला.

निवांत
मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटमध्ये एफ८? या एकदा पाळण्याशी.

डॉलरवाला
इथे न्यू जर्सीत लायका एम११ २०२२ला ८,९९५ डॉलरला आला. तेव्हापासून भारतातून येणारा प्रत्येक फोन ‘येताना आणशील का’ यावर येतो. बॅगेतून विमानतळावर काय नेऊ? कस्टमसमोर मी उभा राहणार, कॅमेरा तुमचा. चुलतभाऊ, मित्र, मित्राचा मेव्हणा, सगळ्यांना एकदाच सांगतो: नाही.

हळदीकुंकू
त्यांचं दुःख वेगळंच. मुद्द्यावर या. सोन्यावर जीएसटी ३ टक्के, कॅमेऱ्यावर १८. विकत घेतानाच पंधरा टक्क्यांचा फरक.

ट्रायएक्स
मी वापरलेला घेतलाय, माणसाकडून. जीएसटी नाहीच. आणि २०१९च्या आधी कॅमेऱ्यावर २८ होता, त्या मानानं ही दिवाळीच म्हणायची.

हळदीकुंकू
माणसाकडून, म्हणजे पक्की पावतीही नाही. सहा लाख! आणि पाटल्या घ्यायला तुम्ही दुकानात होतात की नाही?

ट्रायएक्स
होतो.

हळदीकुंकू
मग ‘मला कुणी विचारलं नाही’ हा सूर कशाला?

ट्रायएक्स
बिल द्यायला नेलं होतं. विचारायला नाही.

टेरिकॉट
हे मात्र खरं आहे. माझाही अनुभव तोच.

पेठकरीण
टेरिकॉटकाका, तुम्ही आत्तापर्यंत माझ्या बाजूला होतात ना? असो. ट्रायएक्स, दुकानात नेलं, वजन काट्यावर बघितलंत, आकडा ऐकलात. तिला कोणता आकडा ऐकवलात? घरी जाऊन खरा आकडा सांगा आणि कॅमेरा तिच्या हातात द्या. खिडकीतून बघू दे. कदाचित आवडेल तिला, मग तुम्हालाच परत मिळणार नाही.

ट्रायएक्स
ठीक आहे. पन्नास हजार सांगायला नको होतं. दोन लाख सांगायला हवे होते.

पेठकरीण
धन्य आहात.

काळापांढरा
यात खोटं काय? तिनं साडीची किंमत खरी सांगितलीय कधी?

निवांत
आमच्याकडे साडीची किंमत बायको कमी सांगते आणि दळणाचे पैसे जास्त. हिशेब जुळतो बरोबर.

हळदीकुंकू
कुणी काहीही म्हणा, हॉलमार्कचे दागिने त्याच पेढीवर नेले तर घट कापत नाहीत.

ट्रायएक्स
कुठली पेढी? आमच्याकडे हॉलमार्क असून कापली. वर खडे काढून वजन केलं.

हळदीकुंकू
खडे काढणारच ना! खड्यांना सोन्याचा भाव कोण देईल? पाटल्यांत खडे घेतलेत कशाला मुळात?

ट्रायएक्स
तेच मी तेव्हा विचारलं होतं. मला म्हणाली, ‘तुम्हाला दागिन्यांतलं काय कळतं.’