मदत हवी आहे: लांब डॅश दिसला म्हणजे लेख एआयने लिहिला, असं म्हणता येतं का?

एका अंकाच्या संपादनाचं काम करतो आहे. आलेल्या एका मराठी लेखात लांब डॅश (—) बरेच आहेत. त्यावरून सहसंपादकांनी तो एआयचा ठरवला आणि परत पाठवू म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं. मजकूर एआयचा नकोच हा आमचा नियम आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद पुराव्याचा आहे.

वर्डमध्ये दोन आडव्या रेघा लागोपाठ टाइप केल्या की त्यांचा आपोआप लांब डॅश होतो, आयफोनवरही होतो. छापील मराठीत तर अपसरणचिन्ह, म्हणजे हाच डॅश, कितीतरी जुनं आहे. उलट, एआयला 'डॅश नको' सांगितलं किंवा नंतर शोधून बदलले, तर खूणच उरत नाही.

एआय ओळखणारी संकेतस्थळं वापरून पाहिली. एकाच परिच्छेदाला वेगवेगळे निकाल आले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ मध्ये बंद केलं होतं, त्यामुळे अशा साधनांच्या भरवशावर कुणाला नाकारणं मला पटत नाही. लेखिकेचे जुने लेख मागवलेत, पण ते दुसऱ्यांनी संपादित केलेले, त्यामुळे विरामचिन्हं तिचीच असतील असं नाही. कच्चा खर्डा तिने ठेवलेला नाही.

तिच्यावर थेट आरोप करायचा नाही, आणि निर्णय लवकर द्यायचा आहे.

संपादन किंवा मुद्रितशोधन करणाऱ्यांना विचारतो: डॅशला पुरावा म्हणून काही वजन द्यावं का? नसेल, तर मजकुरात नेमकं काय तपासावं आणि लेखिकेला न दुखावता काय विचारावं?