निवृत्तांच्या वसाहतीतील घराचा ओटा: ग्रॅनाइट ठेवावा की जादा पैसे भरून क्वार्ट्झ घ्यावा?

सुरंगी (प्रश्न)

रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ज्येष्ठ नागरिकांसाठी एक वसाहत उभी राहत असून तेथे आम्ही वन बीएचके घर घेतले आहे. मूळ किमतीत विकासक काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली कडप्प्याचे उघडे कप्पे आणि स्टीलचे सिंक देणार आहे. जादा रक्कम भरल्यास पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा, एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूड-लगद्याच्या) दारांची मॉड्युलर कपाटे व ट्रॉल्या, छताला भिडणारी वरची कपाटे, चिमणी आणि गॅसऐवजी इंडक्शन शेगडी असा संच मिळेल. यातील वस्तू सुट्या सुट्याही घेता येतात, मात्र ओट्याचे काम सुरू होण्यापूर्वी आमची निवड लेखी कळवायची आहे.

घरात आम्ही दोघे आणि सासूबाई. माझ्या बोटांचे सांधे सुजलेले असतात, यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि सासूबाई वॉकर घेऊन चालतात, तरीही कोथिंबीर निवडणे, वाटाणे सोलणे अशी कामे त्यांना स्वतः करायला आवडतात. स्वयंपाक आमचा कोकणातलाच आहे: नारळ रोज खवला जातो, मासे वरचेवर असतात, आगळ आणि आमसुले हाताशी लागतात, आणि घावण्यांसाठी बिडाचा तवा अजून वापरात आहे. खिडकी पश्चिमेला असून खारा वारा थेट आत येतो. आयुष्याच्या या टप्प्यावर पुन्हा तोडफोड करण्याची आमची तयारी नाही, म्हणून पैसे कोणत्या गोष्टीवर खर्च करावेत आणि कोणत्या गोष्टीला नम्रपणे नकार द्यावा, याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

खाडीकाठ (उत्तर)

सुरंगीताई, रत्नागिरी-राजापूर भागात ओट्यांची कामे मी बरीच वर्षे करत आहे, म्हणून दगडाविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपण वर्णन केलेल्या स्वयंपाकाला ग्रॅनाइट पूर्णपणे पुरतो आणि क्वार्ट्झसाठी वेगळी रक्कम मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

बाजारात क्वार्ट्झ म्हणून मिळणारी लादी खाणीतून तशीच निघत नाही. सुमारे ९० टक्के गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये बांधून ती कारखान्यात तयार करतात. तिचे गुण खरे आहेत: ती पाणी जवळजवळ शोषत नाही, लिंबू-आगळाने तिची तकाकी जात नाही आणि रंग सगळीकडे सारखा असतो. तिचे दुबळेपण रेझिनमध्ये आहे. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनला इजा होऊ लागते, आणि घावणे काढलेला बिडाचा तवा त्याहून बराच जास्त तापलेला असतो. असा तवा एकदा जरी लादीवर टेकला तरी जो पिवळट डाग किंवा तडा पडतो तो पॉलिश करून जात नाही. पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन येत असेल, तर पांढऱ्या क्वार्ट्झवर कालांतराने पिवळी छटा येण्याची शक्यताही धरावी लागते. ग्रॅनाइट मुळात भूगर्भातील उष्णतेतून घडलेला दगड आहे, त्यामुळे तवा टेकण्याची भीती त्याला फारशी नाही, तरीही खाली लाकडी पाटी ठेवण्याची सवय चांगलीच.

दुसरे कारण कारागिरांच्या जिवाचे आहे आणि ते मी मुद्दाम लिहितो. क्वार्ट्झ कोरडे कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिकाचे प्रमाण ग्रॅनाइटच्या धुळीपेक्षा कितीतरी अधिक असते आणि त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार होतो. याच कारणावरून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटही पाणी सोडूनच कापायला हवा. वसाहतीत आधीच राहायला आलेले वृद्ध शेजारी असतील, तर जिन्यात किंवा बाल्कनीत कोरडी कटिंग करू देऊ नका.

ग्रॅनाइट स्वीकारतानाही तो पारखून घ्यावा. काळा म्हणून येणारा प्रत्येक दगड जातिवंत काळा असतोच असे नाही. काही ठिकाणी करड्या दगडाला रंग चढवलेला असतो आणि तो वर्षा-दोन वर्षांत सिंकभोवती फिकट पडू लागतो. नमुन्याच्या तुकड्यावर पांढऱ्या फडक्याने थिनर चोळून पाहावे, फडके काळे झाले तर तो तुकडा परत करावा. त्याच तुकड्यावर लिंबाचा रस अर्धा तास राहू द्यावा, पुसल्यावर निस्तेज ठिपका उरला तर त्यात चुन्याचा अंश आहे असे समजावे. पाण्याचा थेंब पंधरा मिनिटांत मुरून दगड गडद दिसू लागला तर तो सच्छिद्र आहे आणि त्याला सीलर (छिद्रे बुजवणारा द्रव) लावावा लागेल. कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या कुळातले दगड असल्याने कोकम, चिंच, लिंबू यांनी त्यांचा वरचा थर खाल्ला जातो. म्हणून कडप्पा खालच्या कप्प्यांना उत्तम असला तरी वरच्या पृष्ठभागासाठी घेऊ नये.

नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडण्याची पद्धत असेल तर ती कोणत्याही दगडावर बंद करावी, कारण कडेचा टवका उडाला की तो भरून काढता येतो पण लपत नाही. कडेला पूर्ण गोलाई द्यायला सांगा, म्हणजे तोल जाऊन कोणी टेकले तरी इजा कमी होईल. सिंकसाठी आणि शेगडीसाठी जी भोके पाडतात त्यांचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल ठेवायला सांगा, तडे नेहमी तेथूनच सुरू होतात.

रातांबा (उत्तर)

दगडाच्या टिकाऊपणाबद्दल खाडीकाठ यांनी लिहिलेले मला मान्य आहे, परंतु काळ्या रंगाबद्दल माझे मत वेगळे आहे. मी स्वतः गुहागरजवळच्या अशाच वसाहतीत राहते आणि आमच्याकडील अनेक घरांत चकचकीत काळे ओटे आहेत. उतारवयात डोळ्यातील भिंग धूसर होते, बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि त्यामुळे दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश तरुणपणापेक्षा खूपच कमी असतो. काळ्या ओट्यावर काळ्या मुठीची सुरी दिसत नाही, सांडलेले पाणी दिसत नाही, आणि वरच्या दिव्याचे प्रतिबिंब मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत भगभगते. क्वार्ट्झ नको असेल तर नको, पण ग्रॅनाइटमध्येच करडा किंवा फिकट रंग मागावा, त्याला सीलर लावून घ्यावा आणि कडेची पट्टी मात्र गडद ठेवावी, म्हणजे ओटा कोठे संपतो ते नजरेला चटकन कळते. चमक नको असल्यास लेदर फिनिश मिळते. त्यावर तेलकटपणा थोडा धरतो, पण डोळ्यांना ते फार सुखावह असते. हळदीचा डाग फिकट दगडावर पडेल अशी भीती वाटत असेल तर सांगते, सीलर लावलेल्या दगडावरून तो वेळीच पुसला तर निघतो.

ओट्यापेक्षाही माझा आग्रह ओट्याखालच्या भागाबद्दल आहे. एमडीएफ कृपया घेऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतील ओल भिंतीतही जाणवते, तिथे लाकडाचा लगदा दाबून केलेला पत्रा कडेने पाणी पिऊन फुगतो, बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि दार लोंबू लागते. लाकूडकाम करायचेच तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय वापरून सगळ्या कापलेल्या कडा बंद करून घ्याव्यात. अन्यथा विकासक देतो आहे ते कडप्प्याचे कप्पे ठेवून पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे बसवावीत, वाळवीचाही प्रश्न राहत नाही.

आपल्या गुडघ्यांचा आणि बोटांचा विचार करता खरी रक्कम खेचण्यांवर घालावी. खोल कप्प्यात वाकून मागचा डबा काढणे यजमानांना जमणार नाही, पूर्ण बाहेर येणारी खेचणी मात्र डबे स्वतःहून समोर आणते. गोल मुठींऐवजी चार बोटे आत जातील अशी लांब हँडले लावावीत. नळ एका दांड्याचा असावा, म्हणजे बोटांनी पिळावे न लागता मनगटाने ढकलता येतो. ट्रॉल्यांचे स्टील ३०४ दर्जाचे आहे का ते लेखी विचारा, कारण २०२ दर्जाचे स्टील खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते. ३०४ वरही तपकिरी ठिपके येतात, ते आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसले की आटोक्यात राहतात. छताला भिडणारी कपाटे घेऊच नयेत. ती वापरण्यासाठी स्टुलावर चढावे लागते आणि या वयात स्टुलावर चढणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ आहे.

चिरेबंदी (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर मी फक्त गॅस, वीज आणि करार यांविषयी लिहितो.

इंडक्शन शेगडीला ज्योत नसल्याने विसरभोळेपणाच्या वयात ती सुरक्षित आहे हे खरे. परंतु किनाऱ्यावर केवळ विजेवर अवलंबून राहणे मला धाडसाचे वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील अनेक गावांना दीर्घकाळ वीज नव्हती. त्यामुळे ओट्यावर दोन बर्नरची गॅस शेगडी कायम ठेवावी, ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा असलेलीच घ्यावी, आणि बाजूला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून एक सुटी इंडक्शन शेगडी वापरावी. घरात कोणाला पेसमेकर असेल तर चालू इंडक्शनपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.

महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून त्यांत स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारी यंत्रणा आणि किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे यांचा उल्लेख आहे. म्हणजे ही यंत्रणा जादा पैशांच्या यादीत दिसत असेल तर त्याबद्दल अवश्य विचारणा करावी. ती बसवताना जागाही पाहावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून संवेदक जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा, छताजवळ लावलेला उपयोगाचा नाही.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कारागिरीतील वा दर्जातील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आपण निवडलेली प्रत्येक जादा वस्तू, तिचा दर्जा व जाडी करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून घ्या. वेगळ्या पावतीवर, वेगळ्या ठेकेदाराच्या नावे पैसे दिलेत तर पुढे जबाबदारी कोणाची यावर वाद होतो. चिमणीबद्दल एवढेच की पश्चिमेच्या भिंतीतून नळी बाहेर काढणार असतील तर पावसाळी वारा पाणी आत ढकलतो. तोंडाशी झडप आणि वर टोपी नसेल, तर साधा एक्झॉस्ट पंखाच बरा.

सुरंगी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. फिकट ग्रॅनाइट, गडद कड, कडप्प्याचे कप्पे, मोजक्या खेचण्या आणि गॅस असे आम्ही जवळपास ठरवले आहे. क्वार्ट्झची रक्कम खेचण्यांकडे वळवता येईल. एकच शंका उरते. सासूबाई बसून काम करतात आणि पुढेमागे व्हीलचेअर लागली तर ओटा उंच पडेल. सगळाच ओटा खाली घ्यावा का?

खाडीकाठ

सगळा ओटा खाली घेऊ नका ताई, नाहीतर आपली पाठ धरेल. एका टोकाचा अडीच-तीन फुटांचा भाग ३० ते ३२ इंच उंचीवर घ्यावा आणि त्याच्याखाली काहीही न ठेवता गुडघे आत जातील अशी किमान २७ इंचांची मोकळी जागा सोडावी. तिथे खालचा आधार काढला जात असल्याने दगडाखाली लोखंडी अँगल घालतात, तो इथे गंजणारच, म्हणून जाड कडप्पा दोन्ही बाजूंच्या भिंतींत घुसवून वर ग्रॅनाइट बसवायला सांगा. व्हीलचेअर वळण्यासाठी समोर १,५०० मिलिमीटर मोकळे लागते, तेवढे नकाशात आहे का ते आत्ताच मोजून घ्या.

उरलेल्या ओट्याची उंची विकासकाच्या ठरावीक मापावर सोडू नका. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपरापासून तीन-चार इंच खाली ओट्याची पातळी धरावी. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की भांडे आणखी चार-पाच इंच वर जाते आणि सुजलेल्या बोटांनी जड कढई उचलणे अवघड होते, म्हणून शेगडीपुरता भाग तेवढाच खाली घ्यायला सांगा. सिंक सात-आठ इंचांपेक्षा खोल नको, तळाशी पोहोचताना कंबर वाकते. मासे धुण्यासाठी मागच्या बाल्कनीत नळ आणि जाळीची मोरी मिळत असेल तर त्यासाठी जरूर पैसे द्या, कारण पाण्याची आणि सांडपाण्याची नळी लादी बसल्यावर काढता येत नाही. माप घेताना घरात वापरायच्या चपला पायात असू द्या, कारण अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक त्यांनीच पडतो, आणि घेतलेले माप भिंतीवर खडूने आखून त्याचा फोटो साइट इंजिनिअरना पाठवून ठेवा.