मदत हवी आहे : रोमचा टायबेरियस, किती मार्क द्याल?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकाने वीस मिनिटं बोलायचं असतं, यावेळी माझा नंबर. विषय हौसेने घेतला रोमन सम्राट टायबेरियस (इ.स. १४ ते ३७), आणि शेवटी त्याला १० पैकी मार्क देणार असंही सांगून बसलोय. आता फसलोय.

मी पतसंस्थेत हिशोब लिहिण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस, त्यामुळे पहिली नजर शिल्लक किती यावर. तर हा गेला तेव्हा तिजोरीत २७० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) होते (आकडा रोमन चरित्रकार स्वेटोनियसचा, पुढच्या सम्राटाने, कॅलिगुलाने, वर्षाच्या आत उडवले). कर वाढवा म्हणणाऱ्या सुभेदारांना याने कळवलं की चांगला धनगर लोकर कातरतो, कातडी सोलत नाही. इ.स. १७ ला आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, एका रात्रीत भूकंपाने १२ शहरं पडली, तर सार्डिस शहराला १ कोटी रोख आणि पाच वर्षं करमाफी. सुभेदारांच्या बदल्या पटापट करायचा नाही, त्याला कारण म्हणून गोष्ट सांगायचा: एक जखमी पडलेला, जखमेवर माशा, वाटसरू हाकलायला गेला तर जखमी म्हणतो राहू दे बाबा, या पिऊन टम्म झाल्यात, नव्या येतील त्या उपाशी असतील. ऑफिसात नवीन साहेब येताना पाहिलेल्यांना हे समजवायला नको :)

इथवर मी ८ मार्क लिहून मोकळा झालो होतो. मग इ.स. ३३ आलं.

त्या वर्षी रोममध्ये पैशाची भयंकर चणचण झाली. व्याजाचा जुना कायदा एकदम लावायला घेतला, सावकारांनी कर्जं परत मागितली, लोकांनी जमिनी विकायला काढल्या आणि भाव कोसळले. टायबेरियसने १० कोटी सेस्टर्स काढून दिले, तीन वर्षं बिनव्याजी, तारण कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन. कर्जप्रकरण म्हणून बघाल तर एक नंबर. पण रोमन इतिहासकार टॅसिटस वाचला तर त्याच वर्षी, सेजानसचे (याच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख, एके काळचा उजवा हात) साथीदार म्हणून तुरुंगात असलेले सगळेच्या सगळे याने मारायला लावले, नातेवाइकांना प्रेताजवळ जाऊन रडायचीही सोय नाही, कोण रडतंय ते बघायला पहारेकरी उभे, आणि कुजलेली प्रेतं ओढत नेऊन टायबर नदीत.

एकाच वर्षाच्या वहीत हे दोन्ही. मी बेरीज कशी मारू? आणि हे सेजानसचंच पाप म्हणता येईल का? शिवाय टॅसिटस स्वतः सिनेटर, त्याने लिहिलं ७०-८० वर्षांनी, उलट टायबेरियसच्या हाताखाली लढलेला इतिहासकार व्हेलियस पॅटर्क्युलस नुसती स्तुती करतो. कोणाचं धरायचं?

प्रतिसाद १

काका, सेजानस इ.स. ३१ च्या ऑक्टोबरातच मारला गेला, त्यामुळे ३३ चं खातं त्याच्या नावावर टाकता येणार नाही. टॅसिटस टोमणे मारतो हे खरं, पण टोमणा कुठला आणि घटना कुठली हे वेगळं काढून वाचा, कारण इ.स. २३ पर्यंतचा कारभार चांगला चालला होता हे त्यानेच लिहून ठेवलंय. नुसता द्वेष असता तर कशाला लिहिलं असतं.

तुम्ही हिशोबातले म्हणून एक सांगतो. राजद्रोहाच्या खटल्यात आरोपीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा फिर्याद करणाऱ्याला मिळायचा. सरळ कमिशन. इ.स. २४ ला सिनेटमध्ये निघालं की आरोपीने निकालाआधी आत्महत्या केली तर हे बक्षीस देऊ नये, जवळजवळ ठरतच होतं, तेव्हा टायबेरियसने स्वतः उघडपणे चुगलखोरांची बाजू घेतली. सेजानसने नाही, याने.

आणि ३३ सालचीच अजून एक नोंद तुमच्याकडून सुटलीय. स्पेनमधला सगळ्यात श्रीमंत माणूस सेक्स्टस मारियस, मुलीशी संबंध असल्याचा आरोप ठेवून रोममधल्या टार्पियन कड्यावरून (गुन्हेगारांना ढकलून मारायची जागा) ढकलला. त्याच्या सोन्याच्या खाणी जप्त होऊन सरकारजमा व्हायच्या होत्या, त्या टायबेरियसने स्वतःकडे ठेवल्या.

प्रतिसाद २

फक्त सिनेटर चिडले होते असं नाही हां. हा मेल्याची बातमी आल्यावर रोममध्ये लोक ‘टायबेरियसला टायबरमध्ये टाका’ ओरडत होते. खेळ-तमाशे देत नव्हता, शेवटची ११ वर्षं तर रोममध्ये पाऊलही नाही, कारभार काप्रीच्या बेटावरून पत्राने. प्रांतातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर कदाचित ८ मिळाले असते, पण त्याला कोणी विचारलं नाही.

अवांतर: बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या देशांत जातो अशी याने सिनेटकडे पत्रात तक्रार केली होती. याची चांदीची नाणी आपल्याकडे कोइमतूरच्या बाजूला सापडतात, म्हणजे तक्रार खोटी नव्हती.

धागाकर्ता

दोघांचे आभार. खाणींचं माहीत नव्हतं आणि त्याने झोप उडवली. जप्तीचा माल सरकारी वहीत न घेता स्वतःकडे ठेवला तर आमच्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगायला नको. मारियसच्या खाणींपासूनच बोलायला सुरुवात करतो आता, माशांची गोष्ट नंतर.

८ खोडलेत. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये, शनिवारपर्यंत वेळ आहे, कोणाला सुचलं तर लिहा.