शाळेतील प्रार्थना आणि हात जोडण्याची सक्ती

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरातील एका अनुदानित शाळेत सहावीत आहे. परिपाठात एका विशिष्ट देवतेची प्रार्थना होते आणि हात जोडले नाहीत तर बाई रागावतात. अशी सक्ती करता येते का?

उत्तर: करता येत नाही. पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत संविधानाच्या अनुच्छेद २८(१) नुसार धार्मिक शिक्षणच देता येत नाही. अनुदानित शाळेला २८(३) लागू होतो, म्हणजे तेथे उपासना होत असली तरी अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय तिच्यात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची दखल क्वचितच घेतली जाते.

उत्तर: १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटलाही वाचावा. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तिथे प्रश्न राष्ट्रगीताचा होता, प्रार्थनेचा नव्हे, हे मात्र अर्जात प्रामाणिकपणे लिहावे.

उत्तर: खरी अडचण ‘धार्मिक’ कशाला म्हणायचे ही आहे. केंद्रीय विद्यालयांतील ‘असतो मा सद्गमय’चा वाद २०१९ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवावा लागला, तो याच कारणाने. तुमच्या प्रकरणात देवतेचे नावच असल्याने ‘ही प्रार्थना धार्मिक नाही’ ही पळवाट शाळेला फारशी उरत नाही.